म्हसवडचे माने : वतन, वैर आणि एक ओढा

गेल्या वर्षीची गोष्ट. पदवीच्या वर्गावर बखर-वाङ्मयाचा तास चालला होता. बखरी शिकवायच्या म्हटल्या की इतिहासाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. बोलता बोलता मी संताजी घोरपड्यांवर आलो. मोगलांची घोडी पाण्यात तोंड घालीनाशी झाली की मोतद्दार त्यांना, ‘पाण्यात संताजी-धनाजी दिसतात की काय?’ म्हणून दटावीत, ही आपली सर्वांची लहानपणापासूनची ऐकीव गोष्ट. ती सांगून झाली आणि ओघात मी म्हणालो, “आणि अशा या सेनापतीला म्हसवडच्या नागोजी मान्याने दगा देऊन मारले.”

वर्गात खसखस पिकली. पुढच्या बाकांवरची चारदोन डोकी मागे वळली. मागच्या बाकावर एक मुलगा बसला होता. आडनाव माने, मुक्काम माण तालुका. कोणी तरी हळूच ‘गद्दार!’ म्हटले. तोही हसला, नाही असे नाही. पण त्याचे कान तांबडे झालेले मला व्यासपीठावरून दिसले.

तास संपल्यावर तो दाराशी थांबला होता. म्हणाला, “सर, तुम्ही सांगितलं ते खोटं नाही. पण आमचं घराणं शेकडो वर्षांचं, आणि त्यातली एकच गोष्ट पुस्तकात. एवढंच का हो आम्ही केलं?”

वाचकहो, शिक्षकाचा पेशा पत्करून मला वीस वर्षे होऊन गेली. पण विद्यार्थ्याच्या प्रश्नाने इतका अडचणीत मी क्वचितच आलो असेन. कारण उत्तर मला ठाऊक नव्हते. जे वाक्य मी दरवर्षी सहज म्हणून टाकीत होतो, त्या वाक्यामागचे गाव मी पाहिले नव्हते, घराणे चाळले नव्हते, आणि ज्या हकिकतींवर ते वाक्य उभे आहे त्या एकापुढे एक ठेवून पाहिल्या नव्हत्या. दिवाळीच्या सुट्टीत म्हसवडला जायचे मी तेव्हाच ठरवले.

पावसाने पाठ फिरवलेला मुलूख

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागले की कोरेगाव-पुसेगावपर्यंत डोळ्यांना हिरवे दिसत राहते. मग वर्धनगडचा डोंगर मागे पडतो, महिमानगड दिसू लागतो आणि भूमीचा रंगच पालटतो. सह्याद्रीच्या माथ्यावर शेकडो इंच ओतणारा पाऊस इथे पोचेपर्यंत रिता झालेला असतो. उघडे बोडके माळ, बाभळी, बोरी, मुरमाड टेकड्या. आणि या सगळ्यांतून बहुतेक वर्षभर वाळूच दाखवीत जाणारी माणगंगा. याच तालुक्यातल्या डोंगरात ती उगम पावते, आटपाडी-सांगोल्याकडून जाऊन पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेला मिळते. नाव गंगेचे, पण पाण्याचा हिशेब ओंजळीचा!

मराठी वाचकाला हा माणदेश परका नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ लिहून तो आपल्या घराघरांत आणून पोचवला आहे. पिकाचा भरवसा नाही म्हणून इथे जनावराचा भरवसा. उंचापुरा, पांढराशुभ्र खिल्लार बैल हा या बाजूचा अभिमान. धनगरांची मेंढरे आणि त्या लोकरीची घोंगडी ही इथली दुसरी मिळकत. आणि तिसरी? तिसरी म्हणजे घोडा आणि तलवार! ज्या जमिनीत पेरलेले उगवेलच असे नाही, त्या जमिनीवरचा तरणा पोर चाकरी शोधीत घाटाखाली किंवा विजापुराकडे निघे. आजही या तालुक्यातली घरोघरची मुले फौजेत जातात. त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

पंधराव्या शतकाच्या आरंभी दुर्गादेवीच्या दुष्काळाने दख्खन ओसाड पडले. गावे उठली, शिवारांच्या खुणा बुजल्या. त्यानंतर १४२९ साली बहामनी सुलतानाने मलिक-उत्-तुजार या सरदाराला मुलूख पुन्हा बसवण्यासाठी धाडले. त्याने पहिले पाऊल कुठे टाकले? खटाव देशात आणि या महादेवाच्या डोंगरांत. कारण बंडखोरी आणि लुटालूट इथेच माजली होती. सरकारचे हात डोंगरातल्या प्रत्येक खिंडीपर्यंत पोचत नाहीत. तिथे स्थानिक बळकट माणसाला हाताशी धरावे लागते, आणि हाताशी धरायचे म्हणजे त्याला काहीतरी द्यावे लागते. ते काहीतरी म्हणजे वतन.

वतन म्हणजे काय असते?

आजच्या शहरी वाचकाला ‘वतन’ या शब्दाचे वजन सांगून कळणे कठीण. नोकरी सुटली तर दुसरी मिळते, फ्लॅट विकून दुसरा घेता येतो. वतनाचे तसे नव्हते. गावाला जसे पाटील-कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख-देशपांडे. सारा गोळा करायचा, तंटे गोतसभेत बसून मिटवायचे, ओस पडलेली जमीन लागवडीला आणायची, चोराचिलटांचा बंदोबस्त करायचा आणि सरकारने हाक मारली की स्वार घेऊन हजर व्हायचे, ही देशमुखाची कामे. त्याबद्दल वसुलीतला वाटा, इनाम जमीन, आणि या सगळ्याहून मोठा असा मान. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, जत्रेत कोणाचा नारळ पहिला, लग्नात पहिला विडा कोणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटली आहेत. बादशाह्या येत, जात. खाली वतनदार तोच राही. वतन गेले की माणूस नुसता गरीब होत नसे, तो कोणीच उरत नसे.

विजापूरच्या आदिलशाहीत असे जे मोठे मराठे सरदार नावारूपाला आले, त्यांत म्हसवडचे माने एक. जावळीचे चंद्रराव मोरे, फलटणचे निंबाळकर, मलवडीचे झुंजारराव घाटगे, मुधोळचे घोरपडे, जतचे डफळे, वाडीचे सावंत यांच्या पंक्तीत त्यांचे पान मांडलेले असे. माने हे म्हसवडचे देशमुख आणि विजापूर दरबारचे नामांकित शिलेदार. शिलेदार म्हणजे पदरचे घोडे आणि पदरचे हत्यार घेऊन चाकरी करणारा. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिरापेक्षा त्याची मान एक वीत ताठ! नकाशा उघडून पाहिला तर ध्यानात येईल की निंबाळकर, घाटगे आणि माने ही तिन्ही घराणी एकमेकांच्या उंबऱ्यावर नांदत होती. महादेवाच्या डोंगररांगेपलीकडे निंबाळकर, अलीकडे घाटगे, त्यांना लागून माने. शेजारी म्हणून शिवेची भांडणे, आणि बरोबरीचे म्हणून सोयरिकी. आजच्या भांडणातला वैरी उद्याचा व्याही. ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात मान्यांच्या शिलेदारीची तारीफ आहे. पण त्याच दमात त्याने असाही शेरा मारून ठेवला की सूडबुद्धीत हे लोक शिर्क्यांच्या जवळपास जातात. झाले! घराण्याला कायमचा दाखला मिळाला. हा शेरा कशावरून आला, ते आता पाहू.

दोन गिऱ्हाइके

१६८६ साली विजापूर पडले. म्हसवडच्या देशमुखाचा दोन शतकांचा धनी एकाएकी नाहीसा झाला. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीमहाराजांची क्रूर हत्या झाली, आणि राजाराममहाराज वेष पालटून दूर तामिळ मुलखात जिंजीला पोचले. इकडे महाराष्ट्रात औरंगजेब स्वतः ठाण मांडून बसलेला. गादीचा राजा चारशे कोसांवर आणि बादशाह अंगणात! अशा वेळी डोंगरातल्या वतनदाराने करायचे काय?

शिवाजीमहाराजांनी वतनदारांना आवरून धरले होते. चाकरीचा रोख पगार द्यावा, मुलूख तोडून देऊ नये, हे त्यांचे धोरण. पण जिंजीच्या राजाजवळ खजिना नव्हता. जवळ होते ते फक्त वचन. मुलूख सोडवा, त्यातले वतन तुमचे, या वचनावर मराठ्यांनी ते अजब युद्ध चालवले. ते वचन मिळाले नसते तर कदाचित स्वराज्यही उरले नसते. मात्र हीच युक्ती बादशहालाही येत होती. त्यानेही मनसबी देऊ केल्या, जुनी वतने कायम करून देऊ केली. एका मालाला दोन गिऱ्हाइके झाली. आणि माल कोणता, तर माणसाची निष्ठा! पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी इतक्या सावधपणाने लिहिले आहे, त्यामागे ही पंचवीस वर्षांची पोळलेली बोटे आहेत.

नागोजी माने हा त्या काळाचा माणूस. तो काही दिवस मोगलांच्या चाकरीत होता. जिंजीच्या वेढ्याच्या काळात मोगलांना सोडून राजाराममहाराजांकडे आला. आजच्या भाषेत आपण त्याला सरळ ‘पक्ष बदलणारा’ म्हणू. पण तेव्हा असे करणारे नागोजी एकटाच नव्हता, मोठमोठी घराणी होती. त्यांच्या लेखी राजा बदलत होता, वतन बदलत नव्हते. हे समर्थन नव्हे. हे त्या वेळचे हवामान आहे.

याच काळात संताजी घोरपड्यांचे नाव दिल्लीपासून दक्षिणेपर्यंत दुमदुमत होते. १६९५ च्या नोव्हेंबरात आज कर्नाटकात असलेल्या दोड्डेरीला त्यांनी कासिमखानाला असे कोंडले की खान तिथेच मेला. दोनच महिन्यांनी, १६९६ च्या जानेवारीत, हिंमतखान त्यांच्याशी लढताना पडला. मराठ्यांत असा सेनानी पुन्हा सहजी झाला नाही. पण गुणाबरोबर दोषही तोलामोलाचा होता. शिस्त लोखंडी आणि शिक्षा निर्दय. हाताखालची माणसे भिऊन वागत, जीव लावून नव्हे. धनाजी जाधवांशी त्यांचे वाकडे आले, छत्रपतींशीही खटके उडाले. १६९६ सालीच दोन्ही सेनापतींची आपापसांत लढाई जुंपली. तीत धनाजीच्या बाजूचा अमृतराव निंबाळकर संताजींच्या हाती सापडला. संताजींनी त्याला हत्तीच्या पायाखाली दिले.

वाचकहो, शेजारच्या घराण्यांच्या सोयरिकीची गोष्ट लक्षात ठेवा असे मी मघाशी म्हटले होते. या अमृतरावाची बहीण म्हसवडच्या मान्यांच्या घरात दिली होती. तिचे नाव राधाबाई. ती नागोजीची बायको.

ओढ्याकाठी

पुढच्या वर्षी, १६९७ मध्ये, धनाजीने संताजींवर पुन्हा चाल केली. या वेळी संताजींच्या फौजेनेच त्यांची साथ सोडली. मोजकी माणसे बरोबर घेऊन तो अजिंक्य सेनापती शंभुमहादेवाच्या डोंगरांत शिरला, म्हणजे नेमका मान्यांच्या मुलखात. जूनचा महिना होता. थकूनभागून एका ओढ्यावर स्नान करीत असता त्यांच्यावर घाला पडला आणि त्यांचे मस्तक कापले गेले. ज्याच्या धाकाने घोडी पाणी पीत नाहीत असे लोक म्हणत, तो वीर गेला तोही पाण्यातच! माण तालुक्यातल्या कारखेलचे लोक ती जागा आपल्या शिवारात असल्याचे सांगतात.

मारले हे खरे. पण कसे, आणि कोणी? इथे कागद एकमुखाने बोलत नाहीत.

खाफीखान हा मोगल इतिहासकार सांगतो की संताजींनी नागोजीच्या भावालाच हत्तीच्या पायी दिले होते, आणि बायकोच्या सांगण्यावरून नागोजी स्वतः पाठलागावर निघाला. पाठीमागून येऊन त्याने बेसावध संताजींचे शिर उतरवले, घोड्यामागच्या खोगिराच्या पिशवीत टाकले आणि चालू लागला. वाटेत पिशवी सुटून पडली. ती सापडली फिरोजजंगाच्या माणसांना. शिर ओळखले गेले, बादशाहापुढे रवाना झाले. घेऊन जाणाऱ्याला ‘खुशखबरखान’ असा किताब मिळाला, आणि ते शिर लष्करात आणि दक्षिणेतल्या गावोगाव मिरवण्याचा हुकूम सुटला. बादशाहाची छावणी त्या वेळी भीमेकाठी ब्रह्मपुरीस होती. माणगंगा जिथे भीमेला मिळते, तिथून खालच्या अंगाला. माणचे पाणी ज्या वाटेने जाते त्याच दिशेने सेनापतीचे मस्तक गेले.

दुसरी हकिकत निराळी आहे. तीही त्याच काळातल्या मोगली लष्कराच्या गोटातून आलेली आहे. तिच्याप्रमाणे पळून आलेल्या संताजींना नागोजीने आसरा दिला, जेवू घातले आणि सुखरूप वाटेला लावले. पण घरात राधाबाई जळत होती. भावाला हत्तीखाली चिरडणारा माणूस आपल्याच ओसरीवर जेवून उठला आणि ताठ मानेने निघून चालला, हे तिला सोसवले नाही. तिने नवऱ्याला आणि उरलेल्या भावाला डिवचले, आणि ओढ्यावर जे व्हायचे ते झाले.

पहिल्या हकिकतीतला नागोजी निव्वळ मारेकरी आहे. दुसरीतला नागोजी दोन धर्मांच्या कात्रीत सापडलेला आहे. एकीकडे दाराशी आलेल्या अतिथीचा धर्म, दुसरीकडे बायकोच्या माहेरच्या रक्ताचा. मी वर्गात पहिलीच हकिकत सांगत आलो होतो, आणि तीही अर्धीच. हत्तीचा पाय मी कधी सांगितलाच नव्हता.

आणि राधाबाई? इतिहासात तिचे एवढेच नाव आहे आणि तेही एका संतापापुरते. तिच्या बाजूने कोणी विचार करीत नाही. राजकारण्यांच्या भांडणात तिचा भाऊ युद्धकैदी झाला होता. त्याला रणात मरण आले नाही, बांधून मारण्यात आले. त्याचा न्याय कोणत्या गोतसभेत होणार होता? राजा जिंजीत, बादशाह परका, आणि आरोपी स्वतः सेनापती! न्यायाचे सगळे दरवाजे बंद झाले की सूड चोरवाटेने घरात शिरतो. राधाबाईचा सूड आपण वाखाणू नये, पण समजून घ्यायला हरकत नाही.

पाचशे वर्षे आधी, बाल्कन पर्वतात

अशी माणसे, असे डोंगर आणि असे खून हे काही आपल्याच वाट्याला आलेले नाहीत. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात बाल्कन पर्वत आहे. त्याच्या कुरणांतून व्लाख नावाचे मेंढपाळ लोक शतकानुशतके कळप घेऊन उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली असे फिरत आले. त्यांची बोली लॅटिनची लेक. आपल्या माणदेशातल्या धनगराला तिथे नेऊन सोडले तर भाषा कळणार नाही. पण मेंढरू, घोंगडे, कुत्रे आणि वाडा पाहून त्याला घरच्यासारखे वाटेल!

बाराव्या शतकात हा मुलूख कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या अमलाखाली होता. ११८५ च्या सुमारास सम्राट दुसरा आयझॅक याने आपल्या लग्नाच्या खर्चासाठी डोंगरी लोकांची जनावरे वसुलीत ओढायला सुरुवात केली. तेव्हा पीटर आणि आसेन हे दोघे भाऊ सम्राटाकडे गेले. निकेतास नावाचा त्या काळचा ग्रीक इतिहासकार त्यांना व्लाख म्हणतो. आताचे काही अभ्यासक त्यांच्या वंशाविषयी वाद घालतात, तो इथे बाजूला ठेवू. त्यांनी मागितले काय? आम्हाला फौजेत घ्या आणि आमच्या डोंगरात बेताच्या उत्पन्नाची एक जहागीर द्या. मराठीत सांगायचे तर, वतन द्या! मागणी नाकारली गेली. आसेन चढ्या आवाजात बोलला म्हणून दरबारात त्याच्या थोबाडीत मारण्यात आली. दोघे भाऊ परतले, त्यांनी बंड उभारले, आणि त्या एका थपडेतून बल्गेरियाचे दुसरे साम्राज्य उभे राहिले. ते पुढे दोनशे वर्षे टिकले. एक छोटे वतन नाकारण्याची केवढी ही किंमत!

पण गोष्ट तिथे संपत नाही. ११९६ साली आसेनचा खून झाला. परक्याने नव्हे, त्याच्याच गोटातल्या इव्हान्को या सरदाराने केला. कारण? आसेनच्या मेहुणीवरून उठलेले घरगुती प्रकरण. खून करून इव्हान्को कोणाकडे गेला? ज्याच्याशी आसेन जन्मभर लढला त्या कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडे. आणि सम्राटाने त्याला मानाने ठेवून घेतले, फौज हाती दिली. ११९६ आणि १६९७, बरोबर पाचशे एक वर्षांचे अंतर. देश निराळे, देव निराळे. पण डोंगर तसाच, वतन तेच, सोयरिकीतून फुटलेले वैर तेच, आणि बाहेर टपून बसलेला बादशाहही तोच. दोन्हीकडे घरातल्या भांडणाचा नफा परक्याने खाल्ला. दोष त्या एकेका माणसाचा आहेच. पण जिथे न्याय मागायला जागा नाही आणि निष्ठेला दोन बाजूंनी बोली लागलेली आहे, तिथे अशी माणसे निपजायचीच.

पाडव्याची संध्याकाळ

म्हसवडला मी पोचलो तो दिवाळीचा पाडवा होता. सिद्धनाथाच्या देवळात त्या दिवशी घट बसतात. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी हे इथले दैवत. मराठे, धनगर आणि इतर किती तरी जातींचे कुलदैवत. तुळशीच्या लग्नाला देवाचे लग्न लागते, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला त्याची वरात रथातून निघते. त्या रथयात्रेला लाखो माणूस लोटते. रथाशी राजेमान्यांचा मान आजही चालतो. देशमुखी गेली. स्वतंत्र भारतात १९५० च्या कायद्याने परगणा वतने रद्दच झाली. वसूल गेला, घोडी गेली. उरला आहे तो देवापुढचा मान, आणि तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. मला वाटते, वतनाचा हा शेवट चांगला झाला.

माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांना घरात सगळे आबा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. फौजेत नोकरी झालेली, पाठ अजून काठीसारखी सरळ. फराळाचे ताट पुढे आले. चहा झाला. मी भीतभीतच विषय काढला. आबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटले, रागावले. पण थोड्या वेळाने म्हणाले,

“मास्तर, मारलं म्हंत्यात. मारलं आसंल. आमी कुठं न्हाई म्हनतो? पर आमचा म्हातारा सांगायचा, त्यो आमच्या घरला जेवून गेल्ता. जेवल्याल्या मान्साला मारायचं म्हंजी... त्येच लई वाईट झालं बगा. पोरांला शाळंत गद्दार म्हंत्यात, त्येचं काय न्हाई वाटत. ताटावरच्या मान्साला मारलं, ह्येचं वाटतंय.”

मी गप्प झालो. मी कागदांच्या दोन हकिकती पारखून न्यायनिवाडा करायला निघालो होतो. आबांनी स्वतःच्या घराण्याविरुद्ध फिर्याद दिली होती, आणि ती माझ्या वाक्यापेक्षा कितीतरी कडक होती. राजनिष्ठेचा गुन्हा त्यांना पुस्तकातला वाटत होता. अन्नाचा गुन्हा घरातला होता. ज्या मुलखात धान्याचा दाणा असा मोलाचा, तिथे जेवू घातलेल्या माणसाचे रक्त सव्वातीनशे वर्षांनंतरही वाळत नाही.

निघताना मी विचारले, “मग आबा, घराण्याचा अभिमान कशाचा?”

ते हसले. म्हणाले, “दुस्काळात गाव सोडलं न्हाई, ह्येचा. राजे ऱ्हाऊंद्या, कुनबी ऱ्हाऊंद्या, धनगर ऱ्हाऊंद्या. जे हितं टिकलं त्ये समदं मानाचं.”

परतीच्या वाटेवर अंधार पडत होता. इथून जवळच राजेवाडीचा मोठा तलाव आहे. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात उपाशी माणसांच्या हाताला काम म्हणून तो सुरू झाला. कोणा शिलेदाराचे नाव त्याच्यावर नाही. ज्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या त्यांची आडनावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांतही मानेच असतील पुष्कळ. शेकडो वर्षांच्या घराण्याची एकच गोष्ट पुस्तकात का, या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. खून एका घटकेत होतो आणि त्याला बखरकार मिळतो. ओसाड शिवार पुन्हा लागवडीला आणणे, तंटा मिटवणे, दुष्काळात तग धरणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि त्यांना लेखक भेटत नाही. इतिहास खोटे बोलत नाही, पण तो गप्प फार बसतो.

सुट्टी संपल्यावर मी त्याच वर्गावर तो तास पुन्हा घेतला. संताजींचा पराक्रम सांगितला, त्यांचा हत्तीही सांगितला. राधाबाई सांगितली, दोन्ही हकिकती सांगितल्या, बादशाहाचा खुशखबरखान सांगितला. आणि शेवटी, नाव न घेता, एका म्हाताऱ्याने आपल्याच घराण्यावर केलेला आरोप सांगितला. या वेळी वर्गात कोणी हसले नाही. मागच्या बाकाकडे मी मुद्दामच पाहिले नाही. पण हजेरी घेताना ‘माने’ म्हटले, तेव्हा ‘हजर सर’ हा आवाज पूर्वीपेक्षा थोडा मोठा आल्यासारखा वाटला.